फिल्टरचा गाळ

मिरग आठवड्यावर आला होता तेव्हा बाळासोच्या ट्रॅक्टरनं शालूच्या रानात गाळाची पहिली ट्रॉली उपडी केली, आणि शालूची सासू धोंडुबाई पदर सावरून त्या ढिगाच्या पाया पडली.

गाळाच्या पाया पडायची वाडीत रीतच होती. तळं आटलं की सारी वाडी तळ्यात उतरायची, काळाभोर गाळ पाट्यांनी उपसून रानात टाकायची, आणि त्या साली जोंधळा माणसाच्या डोक्यावरून जायचा. पण कैक वर्षं झाली, तळ्यात कुणी पाय घालत नव्हतं. उसाच्या रानातलं खताचं पाणी, गोठ्यांची धुवणं, साबणाचा फेस, सगळं उतारानं तळ्यातच जात होतं. पाण्यावर पोपटी साय धरली होती. उन्हं वर आली की ती कुजून असा वास सुटायचा, की गडमुडशिंगीकडं जाणारी माणसं सायकलवर नाकाला रुमाल बांधायची. त्या पाण्यात उतरलं की पोटऱ्यांना फोड यायचे. तळ्याचा गाळ तळ्यातच राहिला, आणि गाळाची भूक वाडीच्या पोटात.

ती भूक बाळासोनं बरोबर हेरली. तो पंचायतीचा मेंबर, दारात दोन ट्रॅक्टर. माळावर शहराला पाणी पुरवणारं फिल्टर हाऊस होतं, तिथल्या टाक्यांच्या तळचा गाळ उचलून लांबच्या खाणीत टाकायचं काम त्यानं घेतलं होतं. खाण पल्ल्याची, आणि वाडी जवळ.

"नदीचा गाळ हाय काकू! शहरातली माणसं पाणी पित्यात, गाळ आपल्याला ऱ्हातोय. कुणाच्या नशिबात असतंय हे?" ट्रॅक्टरवरूनच तो ओरडला.

शालूनं एक ढेकूळ उचललं. बोटानं दाबलं तर खापरासारखं तडकलं. नाकाजवळ नेलं.

"आत्ती, ह्याला वासच न्हाय."

"वास घ्यायला ते काय अत्तर हाय व्हय? पसर, ऊन चढाय लागलंय."

नवरा, आकाराम, एमायडीसीत फौंड्रीला. रान शालूच्याच अंगावर. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधून तिनं पुनीला, पाच महिन्यांच्या लेकीला, आत ठेवलं आणि पाटी भरली. दिवसभर ती गाळ पसरत राहिली. गाळ उडून घामावर बसायचा आणि कातडी ओढल्यासारखी व्हायची. पुनी रडली की ती लिंबाखाली यायची, पदरानं छाती पुसायची, लेकीला पाजायची. पोरीच्या इवल्या मुठीत तिच्या पोलक्याचं बटण घट्ट धरलेलं असायचं. तिची टाळू हुंगताना शालूला वाटायचं, ह्या वासावर माणूस जन्मभर जगेल. मग परत पाटी. शेजारच्या रानात आक्का, पल्याड ज्ञानू. तळ्याकाठच्या तिन्ही रानांनी गाळ घेतला.

मिरगाचा पाऊस वेळेवर पडला आणि पेरणी आली.

पेरणीत शालूची मूठ सगळ्या वाडीत नावाजलेली. बैलांमागं कुरी चालते, कुरीवरच्या चाड्यात बाईनं मुठीतलं बी सोडत जायचं. ना घट्ट, ना सैल. मूठ चुकली तर कुठं दाटी होते, कुठं तासाची ओळच वांझ राहते. शालूच्या मुठीतनं दाणा मोजल्यासारखा पडायचा. नवी नवरी होती तेव्हापासून लोक तिला बोलवायला यायचे, चाडं हातात देण्याआधी तिच्या हाताला हळदकुंकू लावायचे. सासरी तिला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. घर सासूचं, पगार नवऱ्याचा, रान सासऱ्याच्या नावावर. मूठ मात्र तिची.

त्या साली अंगावर पिणारं पोर म्हणून ती लांब गेली नाही. स्वतःचं रान, आक्काचं आणि ज्ञानूचं, एवढंच तिनं पेरलं.

उगवण चांगली झाली. मग जोंधळा वीतभर वाढला आणि थांबला. पानांच्या कडांना जांभळी झाक आली, ती शिरेशिरेनं आत सरकली. ताटं मार बसल्यासारखी काळीनिळी दिसायला लागली. गाळ न घेतलेल्या रानांतला जोंधळा कमरेला लागला तरी ह्यांचा गुडघ्याखालीच.

आकारामनं खताची पोती आणली. शालूनं पोर पाठीशी बांधून ताटाताटाच्या बुडाला खत घातलं. काही फरक पडला नाही. खत मातीत जायचं आणि जसं काही मातीनंच खाऊन टाकायचं.

धोंडुबाईनं आधी दृष्ट काढली, मग देवऋषी झाला. पण वाडीनं आपलं गणित आपणच मांडलं. तीन रानं जांभळी. तिन्हीवर मूठ शालूची.

"बाळंतपणात हात गेला तिचा," हातपंपावर कुणीतरी म्हणालं.

"पोरगी झाली न्हवं. बरकत तिकडं गेली."

शालू मागंच उभी होती. आक्काची कळशी पंपाखाली होती म्हणून नेहमीसारखा दांडा हाणून तिनं ती भरून दिली. आक्कानं कळशी उचलली, शालूच्या तोंडाकडं बघितलं आणि पाणी तिच्या पायावर ओतून टाकलं.

"माजं मी भरीन. तुज्या हातानं एकदा पेरून घेतलंय मी."

पाय ओले, पाठीवर पोर, अन् पंपाभोवती गप्प झालेल्या बाया. शालूच्या जिभेवर काय काय आलं. पण आक्काच्या घरी दोन विधवा सुना आणि तेवढंच एक रान होतं हे तिला माहीत होतं. ती जीभ आवरून घरी आली. चुलीपुढं बसून तिनं भाकरी अशा थापल्या, की परातीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला.

रात्रीच्या जेवणाला ती आकारामला म्हणाली, "माजा हात तसाच हाय. काय व्हायचं ते गाळानं झालंय."

आकारामच्या मानेच्या घड्यांत फौंड्रीची काळी भुकटी बसलेली. त्यानं ताटातनं मान वर केली नाही. "बाळासो म्हनतोय त्यो गाळ चांगलाच हाय. आई म्हनती तेबी असंल. तू आता औंदा कुटं पेराय जाऊ नगंस."

"तुमास्नी काय वाटतंय ते सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणून तो हात धुवायला उठला.

शालूनं त्याच्या पाठीकडं बघितलं. रागानं छाती दाटून आली, आणि पुनीला पाजायला घेतलं तर पोर तोंड फिरवून रडायला लागली. आईच्या अंगातला राग पोराला दुधातनं कळतो म्हणतात. ती पोरीला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत राहिली. "न्हाय गं माजे बाई, तुज्यावर न्हाय. तुज्यावर कशाला रागवू?"

भादव्यात शांभवी मॅडम आल्या. मंगळवार पेठेत राहायच्या, शहरातल्या एका कॉलेजात शिकवायच्या. तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून न्यायच्या. वयानं शालूएवढ्याच, सलवार-कमीज, डोक्यावर टोपी. एके दिवशी बाटली घेऊन बांधावरनं चालता चालता त्या थबकल्या, सरळ रानात शिरल्या, आणि एक जांभळं पान हातात धरून ओरडल्याच, "अरे वा! किती छान!"

शालू खुरप्यासकट उठली.

"काय छान हाय?"

"नाही, म्हणजे हा रंग—"

"रान मेलंय माजं. मढ्याला छान म्हनतासा व्हय तुमच्यात?"

मॅडमचा चेहरा पडला. टोपी काढून त्या तिथंच ढेकळांवर बसल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या. "ह्या रानात काय टाकलंत?"

शालूनं सांगितलं. बांधाच्या कोपऱ्यात उरलेला ढीग होता तो दाखवला. मॅडमनी ढेकूळ फोडलं, आणि मग सोपं करून सांगितलं. फिल्टरला नदीचं गढूळ पाणी निवळायला तुरटी घालतात. पाणी शहराला जातं, तुरटी गाळात राहते. खतात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं, त्यावर ती झडप घालते आणि धरलं की सोडत नाही. पिकाला स्फुरद मिळालं नाही की पान जांभळं पडतं, वाढ खुंटते. "तुम्ही कितीही खत घाला, हा गाळ आधी खाणार."

"म्हंजे माज्या हातानं झालं न्हाय."

"हातानं?" मॅडमना कळलं नाही. "हाताचा काय संबंध?"

शालू खाली बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचे डोळे भरले, आणि ते परक्या बाईपुढं भरले म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

मॅडमचं लक्ष मात्र तळ्याकडं गेलं होतं. "तुमच्या तळ्याचं दुखणं बरोबर उलटं आहे," त्या म्हणाल्या. "तिथं स्फुरद जास्त झालंय, म्हणून ती साय. हाच गाळ तिथं टाकला तर..." आणि त्या ताडकन उठल्या.

मग मॅडमनी देवळापुढं दोन पिंपं आणून ठेवली. दोन्हीत तळ्याचं पाणी. एकात फिल्टरचा वाळवलेला गाळ. दिवसागणिक एक पिंप जास्तच हिरवं होत गेलं. दुसऱ्यातली साय पातळ होत होत गेली, आणि एक दिवस पोरांना तळाशी टाकलेलं नाणं दिसलं. वाडी तोंडात बोट घालून बघायला लागली. आणि सगळ्यात पुढं उभा कोण, तर बाळासो. फिल्टरचा गाळ तळ्यात टाकायचा म्हणजे ट्रॅक्टर लागणार. त्यानं मॅडमना घरी चहाला नेलं, ग्रामसभा लावली, स्पीकर आणला.

सभा देवळाच्या मंडपात भर दुपारी भरली. बायका खांबाच्या कडेनं. शालू पुनीला मांडीवर घेऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती.

मॅडम बोलल्या. तळ्याबद्दल बोलल्या, पिंपांबद्दल बोलल्या. आधी एका कोपऱ्यात करून बघू, जनावरांना त्या कोपऱ्यात पाजू नका, पाणी तपासत राहू, वरनं येणारी घाण थांबवली नाही तर ह्याचा उपयोग नाही, सगळं बोलल्या. रानाबद्दल एक शब्द नाही. शालू वाट बघत राहिली. मॅडम खाली बसल्या. त्यांनी शालूकडं बघितलं नाही.

ज्ञानू उठला. "बाई, ह्योच गाळ आमच्या रानात हाय. आमचं जोंधळं मेलं. तळ्यात टाकल्यावर तळं मरायचं न्हाय कशावरनं?"

मंडपात गलका झाला. बाळासो हसत उठला. "ज्ञानूबा, दोन्हीची भेसळ करू नगा. गाळ गुणाचाच हाय, ह्ये पिंपात डोळ्यानं बघितलंसा. रानाचं म्हनशिला, तर पेरलं कुणी ह्येबी बघाय पायजे. आता बाईमाणसाचं नाव कशाला घ्या सभंत..."

माना वळल्या. कुणी हसलं. धोंडुबाईनं पदर तोंडावर ओढला.

शालू उठली. पोर कडेवर. आवाज निघाला तो तिलाही ओळखू आला नाही.

"घ्या की नाव. शालूबाई आकाराम. घ्या!"

"वैनी, खाली बसा—"

"तुमी बसा! गाळ तळ्यातलं खत खातोय म्हनतासा न्हवं? मग माज्या रानातलं खाल्लं नसंल व्हय? का रानात आला की त्यो उपास धरतोय?"

कुणीतरी खुदकन हसलं. ह्या वेळी शालूवर नाही.

"रानातलं खाल्लं नसंल तर तळ्यातलंबी खायाचा न्हाय, गुंडाळा ती पिंपं. आनि तळ्यातलं खातोय तर माज्या हाताला का नाव ठेवलंसा? एक काय ते बोला. दोन्ही बोलू नगा." मग ती मॅडमकडं वळली. "बाई, रानात मला सांगितलंसा ते हितं सांगा."

मॅडमनी बाळासोकडं बघितलं. "रानाचं आत्ता काढू नका, लोक घाबरतील, असं हे म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून मी..."

"मोठ्यानं सांगा. पंपावरबी सगळी मोठ्यानंच बोललीत मला."

मॅडमनी सांगितलं. उभं राहून, स्पीकर बाजूला सारून, सगळं सांगितलं. तुरटी, स्फुरद, जांभळं पान. खांबाजवळ आक्का बसली होती. तिच्या हातातली पानाची चंची तशीच राहिली.

"मला काय ठावं?" बाळासो म्हणाला. "मी काय शिकलोय व्हय? नदीचा गाळ म्हनून दिला."

"मग तुमच्या रानात किती ट्रॉल्या टाकल्यासा?"

बाळासोनं टोपी सारखी केली.

"सांगा की. तुमचं रान तर फिल्टरच्या वाटंवरच हाय."

त्याच्या रानात एकही ट्रॉली पडली नव्हती, हे त्याच्या गप्प बसण्यानंच सगळ्यांना कळलं.

शालूनं आपली अट घातली. फिल्टरचा गाळ तळ्याच्या कोपऱ्यात जाऊ दे. पण रिकामी होणारी ट्रॉली रिकामी फिरायची नाही. उन्हाळ्यात कडेला उघडा पडणारा तळ्याचा काळा गाळ भरायचा आणि तिन्ही रानांत टाकायचा. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, जे रानात नाही ते तिथं ठासून भरलंय. बाळासो चार माणसांत "व्हय व्हय" म्हणाला.

चार माणसांतलं "व्हय" उन्हाळ्यापर्यंत टिकलं नाही. पाणी उतरलं, तळ्याच्या कडेनं भेगाळलेली काळी पट्टी उघडी पडली, ट्रॅक्टर सुरू झाले. पहिल्या दिवशी एक ट्रॉली शालूच्या रानात आली. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बांधावर उभं राहून बघितलं, तर काळ्या गाळानं भरलेली ट्रॉली तिच्या रानावरनं पुढं जात होती, बाळासोच्या रानाकडं.

शालूनं पुनीला सासूच्या मांडीत दिलं. धोंडुबाई म्हणाली, "जाऊ नगंस गं, मेंबर हाय त्यो," आणि शालू पळतच सुटली. पाणंदीच्या तोंडाशी तिनं ट्रॅक्टर गाठला आणि चाकापुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मडगार्डवर बाळासो बसलेला.

"बाजूला व्हा वैनी."

"गाळ कुणाचा?"

"तळ्याचा. तळं पंचायतीचं."

"सभंत काय ठरलं हुतं?"

"सभंत बाया लई बोलत्यात." तो ड्रायव्हरला म्हणाला, "घे रं म्होरं."

ड्रायव्हर पोरगेलासा होता. त्यानं गिअरवरचा हात काढून घेतला.

शालू हलली नाही. इंजिनाची गरम वाफ पोटावर येत होती, अंगावरच्या दुधानं पोलकं भिजत होतं, आणि तिला त्याची लाज वाटेना. तळ्यात गाळ कापणाऱ्या बाया खोरी टाकून बांधावर आल्या. फोड येऊ नयेत म्हणून हातापायांना गोडं तेल चोपडलेलं, गुडघ्यापर्यंत काळ्या. त्यांत आक्का होती.

"फिरवा ट्रॅक्टर," शालू म्हणाली. "आनि ह्या बायांदेखत सांगा, रानं कुणी मारली."

"सांगितलं न्हवं बाईनं सभंत."

"बाईनं सांगितलं. तुमी सांगा. माज्या हाताला नाव तुमी ठिवलं."

बाळासोनं इकडंतिकडं बघितलं. बांधावर बाया वाढत होत्या, आणि एकही बाजूला सरत नव्हती.

"गाळाची चूक हुती," तो पुटपुटला.

"गाळाला पाय हायत व्हय? आपल्या पायानं चालत आला त्यो माज्या रानात?"

बाया हसल्या नाहीत. बाळासोच्या मानेची शीर फुगली.

"मी आणला," तो शेवटी म्हणाला. "चूक माजी हुती. झालं? फिरीव रं."

ट्रॉली शालूच्या रानात उपडी झाली. ओला, काळा, कुबट गाळ. ट्रॅक्टर गेला. शालू एकटी ढिगाशी आली, पदर खोचला आणि खोऱ्यानं पाटी भरायला लागली. पाटी काठोकाठ भरली, आणि उचलून डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं हे तिला तेव्हा आठवलं. तिनं हाक मारली नाही.

आक्का बांधावरनं उतरली. तिच्या मागं ज्ञानूची बायको, मग आणखी दोघी. आक्का पाटीच्या पल्याडच्या अंगाला येऊन वाकली. शालूनं मान वर केली नाही.

"रागावलीयास व्हय गं अजून?"

"व्हय."

"ऱ्हा रागावून," आक्का म्हणाली. "मीबी ऱ्हायली असती."

तिनं पाटीच्या कडेखाली बोटं घातली. शालूनं आपल्या बाजूची कड धरली, आणि दोघींनी मिळून पाटी उचलली.